ऑटोडेस्क युनिव्हर्सिटी : काय ऐकावे, काय करून पाहावे

घरांचे नकाशे, पुलांची आरेखने, यंत्रभागांची चित्रे ज्या सॉफ्टवेअरवर तयार होतात, त्यांतील मोठा हिस्सा ऑटोडेस्क या अमेरिकी कंपनीचा आहे. पुण्या-मुंबईतील वास्तुविशारदांच्या कार्यालयांत 'ऑटोकॅड येते का?' हा मुलाखतीतील पहिला प्रश्न झाला, त्याला बरीच वर्षे लोटली. या कंपनीची उत्पादने वापरणाऱ्यांची वार्षिक परिषद म्हणजे 'ऑटोडेस्क युनिव्हर्सिटी'. नावात विद्यापीठ असले, तरी येथे ना प्रवेशपरीक्षा असते, ना पदवी मिळते. तीन दिवस, शेकडो सत्रे, प्रात्यक्षिके, गटचर्चा आणि एक भलेमोठे प्रदर्शन, असा हा पसारा असतो.

नीट लक्ष देऊन ऐकायचे, तर एका माणसाला या तीन दिवसांत फार तर दहा-बारा सत्रे होतात. बाकीची सोडून द्यावी लागतात. भारतातून जाणाऱ्याने व्हिसा, विमानभाडे, नोंदणीशुल्क आणि मुक्काम यांचा हिशेब मांडला, तर छोट्या कार्यालयाला हा खर्च चांगलाच जाणवतो. शिवाय कामाचा आठवडा बुडतो तो निराळाच. त्यामुळे सत्रांची निवड हा हौसेचा नव्हे, तर पैशाचा आणि पुढल्या काही वर्षांच्या कामाचा प्रश्न ठरतो. जे जाणार आहेत त्यांच्यासाठी, आणि जे जाऊ शकत नाहीत अशा बहुसंख्यांसाठीही, ही टिपणे.

परिषदेची पूर्वपीठिका

ऑटोडेस्कची स्थापना जॉन वॉकर आणि त्यांच्या प्रोग्रॅमर सहकाऱ्यांनी १९८२ साली केली. त्याच वर्षाच्या अखेरीस लास व्हेगास येथील 'कॉमडेक्स' या संगणक प्रदर्शनात ऑटोकॅड प्रथम लोकांसमोर आले. तोवर संगणकावर आरेखन करायचे, तर मोठ्या कारखान्यांनाच परवडेल अशी यंत्रणा लागे. टेबलावरच्या साध्या संगणकावर चालणारे आरेखनाचे साधन ही त्या काळी नवलाची गोष्ट होती, आणि कंपनीचे भाग्य त्यानेच घडवले.

परिषद सुरू झाली ती १९९३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को येथे. पुढे बरीच वर्षे तिचा मुक्काम लास व्हेगासला राहिला. करोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ साली ती केवळ इंटरनेटवर भरली. त्यानंतर २०२२ मध्ये न्यू ऑर्लिन्स, २०२३ मध्ये पुन्हा लास व्हेगास, २०२४ मध्ये सॅन दिएगो आणि २०२५ मध्ये नॅशव्हिल असा तिचा प्रवास झाला. गावाबरोबर महिनाही बदलतो. २०२३ मध्ये ती नोव्हेंबरात होती, २०२४ मध्ये ऑक्टोबरात, तर २०२५ मध्ये सप्टेंबरात. व्हिसाच्या मुलाखतीसाठी भारतात करावी लागणारी प्रतीक्षा पाहता तारखा जाहीर होताच हालचाल केलेली बरी.

या परिषदेचे खरे बळ कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या भाषणांत नाही. तेथे शिकवणारे पुष्कळसे लोक रोज हेच सॉफ्टवेअर वापरून पोट भरणारे असतात: कुणी एखाद्या वास्तुशिल्प कार्यालयातील 'कॅड मॅनेजर', कुणी पाणीपुरवठा योजनांचा अभियंता, कुणी यंत्रशाळेतील प्रोग्रॅमर. सत्राचा प्रस्ताव त्यांनी स्वतः पाठवलेला असतो. सोबत लेखी टिपण देण्याची येथे जुनी प्रथा आहे, आणि चांगल्या वक्त्याचे टिपण म्हणजे एक छोटे पुस्तकच असते. पुष्कळ सत्रांचे ध्वनिचित्रमुद्रण आणि टिपणे परिषद संपल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध होतात.

निवडीचे सूत्र येथेच सापडते. जे मुद्रित होणार आहे, ते घरी येऊन, थांबवत-थांबवत, दोनदा पाहता येते. जे मुद्रित होत नाही, त्यासाठीच तेथे जागा धरावी. प्रत्यक्ष संगणकावर करून पाहण्याचे वर्ग, गटचर्चा, तज्ज्ञांशी समोरासमोर बोलण्याचे मेज, आणि बाजारात न आलेल्या सुविधांच्या चाचण्या या गोष्टी घरी मिळत नाहीत. नवख्या पाहुण्याचे वेळापत्रक मात्र बहुधा नेमके उलट असते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत व्याख्यानांच्या रांगा, आणि मोकळा वेळ कुठेच नाही.

सूचिपत्र कसे वाचावे

सत्रांचे सूचिपत्र परिषदेच्या आधी संकेतस्थळावर येते. प्रत्येक नोंदीत विषय, कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या व्यवसायासाठी, प्राथमिक की प्रगत पातळी, आणि सत्राअखेर काय शिकायला मिळेल याचे तीन-चार मुद्दे दिलेले असतात. शीर्षकावर भाळू नये. ते मुद्दे वाचावेत. 'कार्यक्षमता वाढवा', 'भविष्याचा वेध घ्या' असे मुद्दे असतील, तर ते सत्र सोडून द्यावे. 'शंभर दरवाजांच्या यादीतील अग्निरोधक दरवाजे वेगळे कसे काढावेत' असा मुद्दा असेल, तर तो माणूस काहीतरी ठोस दाखवणार आहे.

विषयाआधी वक्ता पाहावा, हा दुसरा सल्ला. श्रोत्यांकडून प्रत्येक सत्राला गुण दिले जातात आणि चांगले वक्ते वर्षानुवर्षे परत बोलावले जातात. ऑटोकॅडच्या जगात लिन ॲलन यांचे नाव असेच सर्वतोमुखी झाले. साठ मिनिटांत ऑटोकॅडच्या साठ युक्त्या सांगण्याचा त्यांचा कार्यक्रम श्रोत्यांनी गच्च भरलेल्या सभागृहात होत असे. अशा वक्त्याची जुनी मुद्रणे आधी पाहून ठेवली, तर त्याची बोलण्याची ढब आणि इंग्रजी उच्चार कानाला सवयीचे होतात. भारतातून प्रथमच जाणाऱ्याला हा फायदा थोडा नव्हे.

प्रत्यक्ष करून पाहण्याच्या वर्गांत संगणकांइतक्याच जागा असतात. नोंदणी खुली होताच त्या भरतात, म्हणून आधी हे वर्ग धरावेत, मग उरलेल्या वेळात व्याख्याने बसवावीत. जागा न मिळाल्यास वर्गाबाहेर लवकर जाऊन थांबावे. नोंद करून न येणारेही असतात. आणि प्रगत पातळीच्या वर्गात केवळ उत्साहाने शिरू नये. शेजाऱ्याचा संगणक तिसऱ्या पायरीवर आणि आपला पहिल्याच पायरीवर अडलेला, ही अवस्था दीड तास सहन करणे कठीण असते.

ऑटोकॅड : जुन्या माणसाने पुन्हा शिकावे असे

पंधरा-वीस वर्षे ऑटोकॅड वापरणाऱ्याला वाटते की आता यात शिकण्यासारखे काही उरले नाही. अनुभव उलट आहे. ज्या वर्षी माणूस शिकला, त्याच वर्षाचे ऑटोकॅड तो आयुष्यभर वापरत राहतो. सगळी पत्रके एका जागी सांभाळणारा 'शीट सेट मॅनेजर' २००५ च्या आवृत्तीत आला, लांबी-रुंदी बदलता येणारे 'डायनॅमिक ब्लॉक' २००६ च्या, आणि मोजपट्टीनुसार अक्षरांचा आकार आपोआप बदलणारी 'ॲनोटेटिव्ह' सोय २००८ च्या आवृत्तीत. आजही अनेक कार्यालयांत एकाच खिडकीचे चाळीस वेगवेगळे ब्लॉक करून ठेवलेले आढळतात आणि मोजपट्टी बदलली की अक्षरे हाताने मोठी केली जातात. दिवसाचा तास-दीड तास असाच जातो.

म्हणून ऑटोकॅडवाल्यांनी 'नवीन काय' या सत्रांपेक्षा 'कार्यालयाची शिस्त' या अंगाची सत्रे निवडावीत: लेअरची नावे ठरवणे, नमुना फाईल तयार करणे, बाहेरून जोडलेली ड्रॉइंगे अर्थात 'एक्सरेफ' सांभाळणे, एकावर एक बसलेल्या रेषा 'ओव्हरकिल'ने काढणे, 'पर्ज' आणि 'ऑडिट' करून फाईल हलकी व निर्दोष ठेवणे. 'डेटा एक्स्ट्रॅक्शन'ने ब्लॉकची मोजदाद थेट तक्त्यात उतरवता येते, हे तर अनेकांना ठाऊकही नसते.

महाराष्ट्रातील वास्तुविशारदाला यासाठी एक जास्तीचे कारण आहे. पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीची 'ऑटोडीसीआर' ही प्रणाली पुणे, मुंबईसारख्या महापालिकांनी बांधकाम परवानगीसाठी स्वीकारली. तीत नकाशा ड्रॉइंग फाईलच्या रूपात तपासला जातो. भूखंडाची हद्द, इमारतीची रेषा, मजल्याचे क्षेत्रफळ हे सारे ठरवून दिलेल्या लेअरवर आणि बंद आकृतीच्या रूपात असावे लागते. माणूस अर्धवट रेषा पाहूनही ही भिंत असल्याचे ओळखतो. संगणक ओळखत नाही. लेअरची बेशिस्त पूर्वी फार तर सहकाऱ्याची कुरकुर ओढवून घेई. आता ती परवानगीचे दिवस खाते. नॅशव्हिलच्या वक्त्याला आपली विकास नियंत्रण नियमावली ठाऊक नसेल, पण लेअर-शिस्तीचे त्याचे धडे येथे जसेच्या तसे लागू पडतात.

छोट्या कार्यालयांसाठी आणखी एक विषय: ऑटोलिस्प. ऑटोकॅडमध्ये स्वतःच्या आज्ञा लिहिण्याची ही भाषा १९८६ पासून आहे, पण स्वस्त असलेल्या 'ऑटोकॅड एलटी'मध्ये ती कित्येक वर्षे दिलेली नव्हती. 'एलटी २०२४' या आवृत्तीपासून ती मिळू लागली. म्हणजे दहा ओळींची लिस्प लिहून रोजचे कंटाळवाणे काम एका आज्ञेवर आणणे आता एलटीवरच भागवणाऱ्या कार्यालयालाही शक्य झाले. ऑटोलिस्पचे एक प्राथमिक सत्र ऐकावे आणि मग घरी जुन्या वर्षांची मुद्रणे पाहावीत. ही भाषा फारशी बदललेली नसल्याने जुने धडेही उपयोगी पडतात.

रेव्हिट आणि खुली फाईल

रेव्हिटचा मार्ग निराळा. येथे रेषा काढायच्या नसतात, भिंत उभी करायची असते. नकाशात दरवाजा सरकवला की छेददृश्यात, दर्शनी चित्रात आणि दरवाजांच्या यादीतही तो सरकतो. हे सॉफ्टवेअर ऑटोडेस्कने मुळात घडवलेले नाही. २००२ मध्ये त्याची मूळ कंपनी १३.३ कोटी डॉलरना विकत घेतली. 'बिम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा, म्हणजे इमारतीची सगळी माहिती एका त्रिमित प्रतिकृतीत ठेवण्याचा, तो आज मोठा आधार आहे.

रेव्हिटच्या सत्रांची संख्या एवढी असते की वाट चुकायला वेळ लागत नाही. माझ्या मते पहिला क्रम 'फॅमिली' कशा बनवाव्यात या करून पाहण्याच्या वर्गाला द्यावा. फॅमिली म्हणजे रेव्हिटमधील दरवाजे, खिडक्या, फर्निचर यांचे साचे. इंटरनेटवरून उतरवलेले परदेशी साचे आपल्या घरांना बसत नाहीत. आपल्याकडची सरकखिडकी, तिच्या बाहेरची लोखंडी जाळी, ओटा, मोरी हे स्वतःच घडवावे लागते, आणि ते चुकीचे घडवले तर अख्खी फाईल मंदावते. दुसरा क्रम अनेकांनी एकाच प्रतिकृतीवर एकाच वेळी काम करण्याच्या 'वर्कशेअरिंग' पद्धतीला. 'डायनॅमो' या दृश्य प्रोग्रॅमिंगच्या साधनाचे वर्ग फार लोकप्रिय असतात आणि ते आकर्षक आहेतही. पण मूळ प्रतिकृतीच विस्कळीत असेल, तर डायनॅमो ती विस्कळीतता अधिक वेगाने पसरवतो.

यापुढचा विषय कमी चमकदार, पण सर्वाधिक पैशाचा: फाईल कुणाच्या ताब्यात राहते? रेव्हिटची फाईल एकदा नव्या आवृत्तीत उघडून साठवली, की ती जुन्या आवृत्तीत परत आणता येत नाही. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाईल निदान जुन्या स्वरूपात साठवता येते. प्रकल्पात पाच सल्लागार असतील आणि त्यांतील एकाने अनवधानाने आवृत्ती चढवली, तर उरलेल्या चौघांना मागे मागे जावे लागते. यावर उतारा म्हणून 'आयएफसी' हे खुले स्वरूप आहे. 'बिल्डिंगस्मार्ट' ही संस्था ते सांभाळते आणि २०१३ मध्ये आयएफसीला आयएसओ १६७३९ हे आंतरराष्ट्रीय मानकाचे स्थान मिळाले. डीडब्ल्यूजीच्या मालकीवरून ज्या 'ओपन डिझाइन अलायन्स'शी ऑटोडेस्कचे वर्षानुवर्षे वितुष्ट होते, तिचेच सदस्यत्व कंपनीने २०२० मध्ये घेतले, ते याच आयएफसीच्या कामासाठी. वारे कुठे वाहत आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडे सार्वजनिक कामांत एकाच कंपनीचे सॉफ्टवेअर नसते. नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने वेळ आणि खर्च जोडलेली पाच मितींची 'बिम' पद्धत अवलंबली, तेव्हा तीत बेंटली या प्रतिस्पर्धी कंपनीच्या प्रणाली होत्या. अशा कामात रेव्हिटवाला सल्लागार शिरला की माहितीची देवाणघेवाण हाच मुख्य प्रश्न होतो. आयएफसीत फाईल काढताना काय गळते, काय टिकते, हे आपल्या अनुभवावरून सांगणारे सत्र सूचिपत्रात दिसले, तर दुसरे काहीतरी सोडूनही त्याला जावे.

यंत्रशाळेसाठी

भोसरी, चाकण, सातपूर किंवा वाळूज येथील छोट्या कारखानदारांचा या परिषदेशी काही संबंध असेल, असे सहसा कुणाला वाटत नाही. प्रत्यक्षात 'फ्यूजन' आणि 'इन्व्हेंटर' यांची सत्रे त्यांच्यासाठीच असतात. ऑटोडेस्कने २०१२ मध्ये 'एचएसएमवर्क्स' ही प्रणाली घेतली आणि तिच्यातूनच फ्यूजनमधील यंत्रणकामाचा भाग उभा राहिला. भाग चितारायचा आणि तेथेच हत्याराचा मार्गही आखायचा, अशी ही सोय.

यातील कळीचा विषय 'पोस्ट प्रोसेसर'. हत्याराचा मार्ग संगणकावर कितीही देखणा दिसो, फानुक, सीमेन्स, हायडनहाइन अशा प्रत्येक नियंत्रकाला जी-कोड आपापल्या ढंगाचा लागतो. ते भाषांतर पोस्ट प्रोसेसर करतो. ऑटोडेस्कचे तयार पोस्ट संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि ते जावास्क्रिप्ट या परिचित भाषेत लिहिलेले असल्यामुळे आपल्या यंत्रानुसार बदलताही येतात. अनेक कारखान्यांत मात्र ऑपरेटर प्रत्येक प्रोग्रॅममधील त्याच चार ओळी दर वेळी हाताने दुरुस्त करतो. एखाद्या दिवशी एक ओळ राहून जाते, आणि हत्यार नको तेथे उतरते. पोस्ट प्रोसेसरच्या वर्गाला जाताना आपल्या यंत्राचा एक प्रोग्रॅम, त्यात हाताने केलेल्या दुरुस्त्यांसह, बरोबर न्यावा. त्या चार ओळी दाखवून विचारलेला प्रश्न पन्नास मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा मोलाचा ठरतो.

उद्घाटनाचे भाषण आणि नव्या घोषणा

परिषदेचे मुख्य भाषण झगमगाटी असते. २०२२ मध्ये याच व्यासपीठावरून बांधकाम, उत्पादन आणि चित्रपट-मनोरंजन या क्षेत्रांसाठी फोर्मा, फ्यूजन आणि फ्लो अशा तीन व्यवसायमंचांची घोषणा झाली. २०२३ मध्ये 'ऑटोडेस्क एआय' आले. २०२५ मध्ये नॅशव्हिलला 'न्यूरल कॅड' मांडण्यात आले, म्हणजे शब्दांतील वर्णनावरून नुसते चित्र नव्हे, तर पुढे बदल करता येईल अशी भूमिती तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची कल्पना.

हे भाषण ऐकू नये, असे नाही. ते इंटरनेटवर पाहायला मिळते, त्यामुळे त्यासाठी पहाटे उठून पुढची रांग धरण्याचे कारण नाही, इतकेच. शिवाय व्यासपीठावर दिसलेली प्रत्येक गोष्ट टिकतेच असे नाही. हौशी लोकांसाठी काढलेली '१२३डी' ही मालिका २०१७ मध्ये गुंडाळण्यात आली. आपल्याकडे सर्वेक्षण आणि रस्त्यांच्या कामात रुळलेल्या 'लँड डेस्कटॉप'ची २००९ ही शेवटची आवृत्ती ठरली आणि लोकांना 'सिव्हिल थ्रीडी' नव्याने शिकावे लागले. नव्या घोषणेवर विसंबून चालू प्रकल्पाची पद्धत बदलणे म्हणूनच जोखमीचे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सत्रांना जाणाऱ्याने एक प्रश्न जरूर विचारावा: आमची ड्रॉइंगे कंपनीच्या सर्व्हरवर असतील, तर त्यांचा वापर ही प्रणाली शिकवण्यासाठी होतो का, आणि नकार द्यायचा असेल तर तो कोठे नोंदवायचा? ड्रॉइंग आपले असले, तरी त्यातील घर अशिलाचे असते. उत्तर लेखी मागावे.

परवाना आणि पुढील वाटचाल

एकदा पैसे मोजून कायमचा परवाना घेण्याची सोय ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नव्या ग्राहकांसाठी बंद केली. तेव्हापासून वर्गणी भरली तरच सॉफ्टवेअर चालते. २०२० पासून कार्यालयात सामाईक वापरायचे नेटवर्क परवाने मागे घेऊन व्यक्तीच्या नावाचा परवाना देण्याचे धोरण आले. तीन पाळ्यांत तीन माणसे एकच संगणक वापरतात, अशा आपल्याकडील कार्यालयांना हा बदल बोचला. क्वचित वापर करणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये 'फ्लेक्स' ही दिवसागणिक टोकन खर्च करण्याची योजना निघाली. महिन्यातून चार-सहा दिवसच रेव्हिट उघडणाऱ्याने तिचा हिशेब मांडून पाहावा.

वर्गणी सक्तीची झाल्यावर, तिच्या बदल्यात काय मिळते, हे विचारण्याचा अधिकारही आला. जुलै २०२० मध्ये ब्रिटनमधील वास्तुशिल्प संस्थांनी कंपनीचे प्रमुख अँड्र्यू ॲनाग्नोस्ट यांना उघड पत्र लिहून वाढता खर्च आणि रेव्हिटची मंद प्रगती यांवर जाहीर नाराजी व्यक्त केली. झाहा हदीद आर्किटेक्ट्स, ग्रिमशॉ, रॉजर्स स्टर्क हार्बर यांसारखी नावे त्यात होती. परिषदेतील 'रोडमॅप' सत्रे, म्हणजे पुढील काळात कोणत्या सुविधा येणार याची माहिती देणारी सत्रे, या पार्श्वभूमीवर ऐकावीत. तेथे उत्पादनाची जबाबदारी असलेली माणसे स्वतः बसलेली असतात. एरवी आपली तक्रार दुकानदारामार्फत जाते आणि बहुधा दुकानदारापाशीच थांबते.

वर्गाबाहेरचे उपक्रम

'आन्सर बार' हे मेज प्रथम गाठावे. तेथे प्रत्येक उत्पादनाचे जाणकार बसतात आणि कुणीही जाऊन प्रश्न विचारू शकतो. अट एवढीच की प्रश्न नेमका हवा. 'फाईल मंद चालते' या तक्रारीवर कुणीही सर्वसाधारणच उत्तर देणार. तीच मंद फाईल, अशिलाचे नाव-गाव काढून, लॅपटॉपवर नेली, तर वीस मिनिटांत दोष सापडू शकतो. अर्थात अशिलाची परवानगी असली तरच न्यावी.

दुसरा उपक्रम नव्या सुविधांच्या चाचण्यांचा. गोपनीयतेच्या कागदावर सही करून घेतात आणि बाजारात न आलेली रचना वापरायला देतात. आपण कोठे अडखळतो, हे तिची आखणी करणारे टिपून घेतात. भारतीय वापरकर्त्याने येथे आवर्जून जावे. चौरस फूट आणि मीटर एकाच पत्रकावर वापरणे, देवनागरीतील शीर्षके, मंद इंटरनेट, वीज जाणे या आपल्या नित्याच्या अडचणी तेथील आखणीकाराला सुचणारच नाहीत, जोवर कुणी त्या दाखवत नाही.

गटचर्चांत दहा-वीस माणसे गोल बसून बोलतात, वक्ता असा नसतोच. 'ऑगी' ही वापरकर्त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना या परिषदेत पूर्वीपासून वावरत आली आहे. सदस्यांच्या मागण्यांची मतदानाने ठरलेली यादी कंपनीपुढे ठेवण्याची तिची पद्धत प्रसिद्ध आहे. प्रदर्शनात छापील पत्रकांच्या पिशव्या गोळा करण्यात वेळ घालवू नये. लेझर मोजणीची यंत्रे, आभासी वास्तवाचे चष्मे यांच्यावर एक फेरी पुरे. प्रमाणपत्र परीक्षेची सोय असेल आणि तयारी झालेली असेल, तरच बसावे. ती परीक्षा गावात राहूनही देता येते.

दोन सत्रांमध्ये निदान एक तास रिकामा ठेवावा. सभागृहे एकमेकांपासून लांब असतात, हे एक. दुसरे असे, की सत्र संपल्यावर वक्त्याभोवती जी पाच-सात माणसे जमतात, त्यांच्याच बोलण्यात पुष्कळदा खरे निघते: कोणती सुविधा कागदावरच चांगली आहे, कोणत्या आवृत्तीत दोष आहे. हे टिपणात येत नाही.

घरी राहणाऱ्यांसाठी

ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनी हात चोळत बसण्याचे कारण नाही. ऑटोडेस्कच्या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडले, की मागील अनेक वर्षांची सत्रे आणि टिपणे पाहता येतात. विद्यार्थ्यांना तर सॉफ्टवेअरही शैक्षणिक परवान्यावर विनामूल्य मिळते, त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. शोध घेताना उत्पादनाचे नाव, पातळी आणि वर्ष यांची चाळणी लावावी. ऑटोकॅडच्या आज्ञा, लेअर, लिस्प यांची दहा वर्षांपूर्वीची मुद्रणेही चालतात; रेव्हिट, फ्यूजन आणि परवान्यांविषयी गेल्या दोन-तीन वर्षांपलीकडे जाऊ नये.

व्हिडिओआधी टिपण उतरवून वाचावे. टिपण कच्चे असेल, तर सत्रही बहुधा तसेच असते आणि तासभर वाचतो. कार्यालयात शनिवारी दुपारी चार जणांनी मिळून एक सत्र पाहावे, मध्येच थांबवून आपल्याच प्रकल्पाच्या फाईलवर ते करून पाहावे. एकट्याने घरी पाहिलेले सत्र सोमवारी विसरले जाते.

मुख्य भाषण थेट पाहायचे असल्यास वेळेचे गणित आधी करावे. सप्टेंबरमध्ये नॅशव्हिल भारतापेक्षा साडेदहा तास मागे असते. तेथील सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. परिषद नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासला असेल, तर हा फरक साडेतेरा तासांचा होतो आणि तेच भाषण आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होते.